दार कोणासाठी उघडे?

देवगाव रंगारीसारख्या गावात परराष्ट्र धोरणाची चर्चा सहसा होत नाही. कन्नड तालुक्यातील या गावाच्या चिंता पावसाच्या, कापसाच्या भावाच्या, मुलांच्या शिक्षणाच्या आणि शिक्षण संपल्यानंतर न मिळणाऱ्या नोकरीच्या. कोणत्या देशाच्या नागरिकाला व्हिसा लागावा आणि कोणाला लागू नये, हा दिल्लीत ठरणारा विषय आपला नव्हे, असे येथील शिक्षकाला वा कारकुनाला वाटले तर त्यात नवल नाही. तथापि गेल्या काही वर्षांतील घटना पाहता हा समज आता सोडून द्यावा लागेल.

आपल्या अवतीभवतीचे तीन परदेशी डोळ्यांसमोर आणावेत. एक, वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहावयास आलेला जपानी प्रवासी. दुसरा, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शिकणारा येमेनी विद्यार्थी. तिसरा, मराठवाड्यातील एखाद्या बाजारपेठेत रात्री काठी आपटीत फिरणारा नेपाळी पहारेकरी. या तिघांपैकी व्हिसाविना भारतात येण्याची मुभा कोणाला आहे? पैसा खर्च करणाऱ्या प्रवाशाला नाही. शुल्क भरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही नाही. ती आहे ती तिघांत सर्वांत गरीब असलेल्या त्या पहारेकऱ्याला. एवढेच नव्हे, तर येथे राहण्याचा आणि काम करण्याचा परवानाही त्याला मागावा लागत नाही.

याचे मूळ ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारात आहे. परस्परांच्या नागरिकांना निवास, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत समान वागणूक देण्याचे वचन दोन्ही देशांनी त्यात दिले. भूतानच्या नागरिकांनाही आपण व्हिसा मागत नाही. मालदीवच्या नागरिकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते. बाकीच्या जगासाठी व्हिसा आवश्यक आहे. २७ नोव्हेंबर २०१४ पासून चाळीसहून अधिक देशांच्या पर्यटकांना संगणकावरून अर्ज करण्याची सोय झाली आणि पुढे ती अनेक देशांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु अर्ज सुलभ होणे निराळे आणि व्हिसा माफ होणे निराळे. इंग्रजी अमदानीतील १९२०, १९३९ आणि १९४६ चे कायदे व २००० सालचा आणखी एक कायदा बाजूला सारून, १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांविषयीचा नवा एकत्रित कायदा देशात लागू झाला. वैध पासपोर्ट वा व्हिसा नसताना देशात शिरणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. परदेशी पाहुणा उतरविणाऱ्या हॉटेलमालकावर आणि परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेवर माहिती कळविण्याचे बंधन आहे. याही कायद्याखालील आदेशांनी नेपाळ व भूतानची सवलत कायम ठेवली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पासपोर्ट आणि व्हिसा ही जणू सृष्टीच्या आरंभापासूनची व्यवस्था असावी, अशा थाटात आपण बोलतो. वस्तुतः तिचा सार्वत्रिक अंमल पहिल्या महायुद्धानंतरचा आहे. मराठवाड्यातील जुन्या पिढीला सीमेचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की इंग्रजी अंमल सुरू होई. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. मालावर करोडगिरीच्या नाक्यांची नजर. सोयरीक मात्र दोन्हीकडे होती, आणि मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत मनमाडसारख्या सीमेपलीकडच्या ठिकाणांहून कार्यकर्त्यांनी शिबिरे चालविली. कोकणपट्टीत याहून कठोर अनुभव आला. १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची हद्द इतकी आवळली गेली की, सावंतवाडीकडील माणसाला पलीकडच्या आप्ताला भेटणे वा गोव्यातील आपल्या कुलदैवताला जाणे दुर्घट झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा कोठे ही अडचण संपली. सीमा आखणारे दूर बसलेले असतात. तिची झळ मात्र साध्या माणसाला लागते, हा धडा महाराष्ट्राने स्वतःच्या घरात गिरविलेला आहे.

येथे एक मूलभूत भेद स्पष्ट केला पाहिजे. पासपोर्ट देते ते आपले राष्ट्र. व्हिसा देते किंवा माफ करते ते परके राष्ट्र. १९६७ पर्यंत आपल्या देशात पासपोर्ट देणे न देणे ही शासनाची मर्जी समजली जाई. त्या वर्षी सतवंत सिंग सॉहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला आणि संसदेला पासपोर्टाचा कायदा करावा लागला. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या खटल्याने हा हक्क आणखी बळकट केला. म्हणजे आपल्या घरातून बाहेर पडण्याचा नागरिकाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा हक्क मात्र जगातील कोणतेही न्यायालय त्याला देऊ शकत नाही. तेथे यजमानाची इच्छा हाच कायदा.

आणि यजमानाची इच्छा बदलत असते. १९४८ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यान्वये भारतीय माणूस ब्रिटनमध्ये निर्वेधपणे जाऊन राहू शकत असे, काम करू शकत असे. युद्धानंतर त्या देशाला कारखान्यांत, रुग्णालयांत, बसगाड्यांवर माणसे हवी होती. ती पुरेशी आल्यावर १९६२ च्या कायद्याने कामगाराची वाट अडविली गेली. पाहुण्याची वाट काही काळ मोकळी राहिली. १९८६ मध्ये भारतीय पाहुण्यालाही व्हिसा सक्तीचा झाला. त्यापूर्वी १९८४ मध्ये भारतानेही ब्रिटन आणि कॅनडाच्या नागरिकांची सवलत काढून घेतली होती. पाहुणा म्हणून आलेला माणूस कामाला लागेल, ही भीती यजमानाला वाटू लागली की पाहुण्याचेही दार बंद होते, असा या इतिहासाचा अर्थ आहे.

आता वर्तमानाकडे वळू. अलीकडे आशियातील अनेक देशांनी भारतीयांना व्हिसामाफी देऊ केली. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सूट दिली. इराणने फेब्रुवारी २०२४ पासून १५ दिवसांची, तर थायलंडने १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची सवलत जाहीर केली. वर्तमानपत्रांत सहलीच्या जाहिराती झळकल्या. परंतु या सवलतींमधील एक शब्द फार थोड्यांनी वाचला: सवलत पर्यटनासाठी आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नाही. व्हिसामाफी म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे, हे वाक्य प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावण्याची वेळ आली आहे.

कारण जेथे हा भेद पुसला गेला, तेथे भयंकर प्रकार घडले. संगणकावरील नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना थायलंडमध्ये प्रवासी म्हणून उतरविण्यात आले आणि तेथून सीमा ओलांडून म्यानमारमधील म्यावाडीच्या परिसरात नेण्यात आले. कुंपणाच्या आत कोंडून त्यांच्याकडून जगभरातील लोकांना फसविण्याचे काम करवून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या दोन विमानांनी थायलंडमधील मे सॉट येथून ५४९ जणांना परत आणले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आणखी विमाने पाठवावी लागली. इराणमध्ये निराळा प्रकार घडला. नोकरीचे किंवा पुढे तिसऱ्या देशात पोहोचविण्याचे वचन देऊन भारतीयांना तेथे नेण्यात आले आणि खंडणीसाठी डांबून ठेवण्यात आले. परिणामी २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने सामान्य भारतीय पासपोर्टधारकांची ही सवलतच स्थगित केली. ठकांच्या कृत्यांची किंमत अखेर प्रामाणिक प्रवाशाने मोजली.

आपला कायदा याला आळा घालू शकला नाही काय? येथे या प्रश्नाचा गाभा आहे. परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणार्थ १९८३ चा कायदा आहे. त्यान्वये भरती करणाऱ्या दलालाने नोंदणी केली पाहिजे. उमेदवाराकडून त्याला ३० हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला शासकीय अनुमती घ्यावी लागते. थायलंड आणि मलेशिया या यादीत आहेत. परंतु ही अनुमती नोकरीला जाणाऱ्यासाठी असल्यामुळे, पर्यटक म्हणून निघालेल्याला तिची गरज नाही. शिवाय दहावी उत्तीर्ण झालेल्याला साधारणतः या तपासणीतून वगळले आहे. दहावी झालेला मनुष्य स्वतःचे हित पाहू शकतो, हे गृहीत यामागे आहे.

त्या काळी ते योग्यही असेल. धोका होता तो करारावर अंगठा उठविणाऱ्या गवंड्याला, मजुराला. आजच्या ठकाला मात्र निरक्षर माणूस नको आहे. त्याला इंग्रजी वाचणारा, संगणक चालविणारा, पदवी घेऊन घरी बसलेला तरुण हवा आहे. ज्याला कायद्याने शहाणा समजून संरक्षणातून वगळले, तोच आज सावज ठरतो आहे. आणि असा तरुण कन्नड, वैजापूर, सिल्लोड या तालुक्यांत घरोघर आहे. बापाने शेताचा तुकडा गहाण टाकून दलालाला पैसे द्यावेत आणि मुलाने विमानतळावर ‘सहलीला चाललो आहे’ असे सांगावे, एवढ्या एका असत्याने तो दोन्ही देशांच्या कायद्याच्या छायेबाहेर जातो. तेथे काम करताना सापडला तर गुन्हेगार, आणि फसला तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

यावर कोणी म्हणेल, मग ही व्हिसामाफीच नको. हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. लोकांनी परस्परांचे देश पाहावेत, यात दोघांचेही हित आहे. देवगावच्या एखाद्या शिक्षकाला आयुष्यात एकदा परदेश पाहता आला, तर त्याच्या वर्गातील मुलांचा भूगोल जिवंत होईल. नेपाळचे उदाहरण तर याहून पुढे जाते. तेथे सीमा मोकळी आहे आणि कामही निषिद्ध नाही. म्हणून नेपाळी पहारेकऱ्याला आपण सहलीला आलो आहोत असे सांगावे लागत नाही. त्याचे कष्ट कमी नाहीत, पगारही बेताचाच असतो. पण त्याचे येथील असणे खोट्यावर आधारलेले नाही. प्रत्येक देशाशी असा करार होणे शक्य नाही, हे उघड आहे. त्यातील तत्त्व मात्र घेता येईल. जो कामासाठी जातो, त्याला कामगार म्हणून जाण्याची सरळ वाट असली पाहिजे.

अशा वाटा तयार होऊ शकतात. जपानशी जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांसंबंधी सहकार्याचा करार झाला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. हे मार्ग लांबचे आहेत. भाषा शिकावी लागते, परीक्षा द्याव्या लागतात, महिनोन्महिने थांबावे लागते. दलाल आठवड्यात विमानात बसवितो. म्हणून केवळ करार करून भागणार नाही. भाषेचे वर्ग तालुक्यापर्यंत आले पाहिजेत, नोंदणीकृत दलालांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, आणि दहावीच्या दाखल्यावर विसंबून तपासणी सोडून देण्याचा नियम शासनाने नव्याने तपासला पाहिजे. सल्ला मागणाऱ्याला मुंबईपर्यंत हेलपाटा पडू नये, एवढी व्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणी करणे अवघड नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या मुलांना परक्या देशात मानाने वागविले जावे अशी अपेक्षा असेल, तर विद्यापीठाच्या परिसरात खोली शोधीत फिरणाऱ्या येमेनी मुलाला आपण कसे वागवितो, हेही पाहिले पाहिजे. १८० दिवसांहून अधिक काळ राहावयास आलेल्या अशा विद्यार्थ्याला १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, घरमालकाचे कागद जोडावे लागतात. कायदा पाळला जावाच. पण कायद्याबरोबर थोडी माणुसकीही असावी. परस्परता हे तत्त्व राजदूतांच्या दप्तरापुरते नसते.

शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी या विषयात लक्ष घालावे ते यासाठी. गावात पासपोर्टाचा अर्ज भरून देण्यासाठी माणसे यांच्याकडेच येतात. तो अर्ज भरताना त्यांनी एकच प्रश्न विचारावा: ‘बाबा रे, तू पाहुणा म्हणून चालला आहेस की कामाला?’ उत्तर ‘कामाला’ असे आले आणि हातात नोकरीचा व्हिसा नसला, तर त्याला तेथेच थांबवावे. पुढे त्याला थांबविणारे कोणी भेटेलच, याची शाश्वती नाही.