सहा डिसेंबरचा मुक्काम

परगावाहून मुंबईत येणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो उतरायचे कोठे हा, आणि ज्याच्या गाठीला लॉजचे भाडे नाही, शहरात नातलग नाही व ज्याला मराठी किंवा हिंदीही धड येत नाही, त्याच्यासाठी तो अधिकच बिकट होतो. या प्रश्नाला दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरच्या शिवाजी पार्कवर जे सार्वजनिक उत्तर दिले जाते, त्याची दखल मुंबईच्या वर्णनांत पुरेशी घेतली जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण, म्हणजे देहावसान, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झाले आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथील चैत्यभूमीच्या, म्हणजे त्यांच्या स्मृतिस्तूपाच्या, दर्शनासाठी विदर्भ-मराठवाड्यातून, तसेच तेलंगणा, कर्नाटक, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश येथून लाखो अनुयायी येतात. त्यांच्यासाठी रेल्वे जादा गाड्या सोडते आणि महापालिका मैदानावर निवासी मंडप उभारून पिण्याचे पाणी, फिरती शौचालये, वैद्यकीय कक्ष व मोबाइल चार्जिंगची व्यवस्था करते. मंडपात जागा धरायची म्हणजे चादर अंथरून पिशवी उशाशी घ्यायची आणि घरून बांधून आणलेली शिदोरी शेजारच्या कुटुंबापुढेही ठेवायची. त्या शेजाऱ्याची बोली वऱ्हाडी असो, कन्नड असो वा तेलुगू, ‘जय भीम’ म्हटल्यावर पुढचे बोलणे खुणांनीही निभावते.

ज्यांचे आप्त शहरात आहेत, ते वरळी, नायगाव किंवा ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींकडे वळत आले आहेत. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींतील खोली जेमतेम १६० चौरस फुटांची असली, तरी पाहुण्याला जागा नाही असे तेथे सहसा म्हटले जात नाही. स्वतः बाबासाहेबांचीही अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत गेली. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते मुख्यत्वे आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा पुरावी म्हणून, आणि चैत्यभूमीला आलेले अनेकजण तेथेही जाऊन येतात.

या मुक्कामाचे मोल कळण्यासाठी १९१७ सालचे बडोदे आठवावे लागते. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून तेथे राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी सराईत, म्हणजे प्रवाशांच्या उतारूगृहात, त्यांनी आपली ओळख लपवून आसरा घेतला आणि जात उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना ती सोडावयास भाग पाडले. ज्याला पैसे मोजूनही खोली नाकारली गेली, त्याच्या अनुयायांसाठी महानगराने आपले सर्वांत प्रसिद्ध मैदान मोकळे करावे, यात उपकाराचा भाग नाही. ते नागरिकत्वाचे साधे देणे आहे. मैदानाभोवतीच्या वस्तीतून गर्दीविषयी व अस्वच्छतेविषयी नाराजीचा सूर उमटतो, परंतु त्यावरचा उपाय अधिक नळ, अधिक सफाई आणि विशेषतः स्त्रियांसाठी पुरेशी, उजेडातली न्हाणीघरे हाच आहे. पाहुण्यांची संख्या कमी व्हावी ही अपेक्षा नव्हे.

या दिवसांत मैदानाच्या कडेने लागणाऱ्या ग्रंथांच्या दुकानांपुढेही मोठी गर्दी असते आणि परतीच्या गाडीत चढताना अनेकांच्या पिशवीत शिदोरीच्या जागी पुस्तके असतात.