जुने अंक, पुढचा प्रवासी

१९५२ साली कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांच्या बळावर. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला त्या मिरवणुकीपेक्षा नंतरची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं केली आणि त्या कमाईतून प्राचार्यांचे पैसे फेडले.

त्याच वर्षी आणखी एक माणूस लोकांच्या पैशावर परदेशी निघाला. वॉल्ट विलिस हा बेलफास्टचा सरकारी नोकर. शिकागोत विज्ञानकथेच्या वाचकांचा जागतिक मेळावा होता, त्याला यानं यावं म्हणून फ्लोरिडातल्या शेल्बी विक या चाहत्यानं मोहीम उघडली आणि वाचकांनी थोडे थोडे पैसे घालून त्याचा प्रवास पार पाडला. विलिसची ओळख एवढीच, की तो घरी छपाईचे खिळे जुळवून 'स्लँट' नावाचा छोटा अंक छापायचा आणि समुद्रापलीकडचे लोक त्या अंकाची वाट पाहायचे.

पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, या एका प्रवासातून कायमचा निधी उभा राहिला: ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड, थोडक्यात 'टॅफ'. आजही तो चालतो, आणि त्याची तिजोरी भरणाऱ्या वाटांपैकी सर्वांत रंगतदार वाट म्हणजे चाहत्यांच्या जुन्या अंकांचा लिलाव. हा लिलाव चालतो कसा, आणि सातारा-सांगलीकडे तसा करायचा झाला तर काय काय करावं लागेल, ते इथे क्रमानं पाहू.

आधी अंक समजून घेऊ

या अंकांना 'फॅनझीन' म्हणतात. हा शब्द १९४० मध्ये रसेल शोव्हने या अमेरिकन चाहत्यानं घडवला. अंक मात्र त्याच्या दहा वर्षं आधीपासून निघत होते. १९३० साली शिकागोत निघालेला 'द कॉमेट' हा विज्ञानकथेच्या चाहत्यांचा पहिला अंक मानला जातो.

फॅनझीन विकायला काढलेला नसतो. वाचकानं पत्र लिहावं, लेख पाठवावा किंवा आपला अंक बदल्यात द्यावा, ही त्याची किंमत. आपल्याकडचा जवळचा नमुना हवा असेल तर लघुअनियतकालिकं आठवावीत. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत काढलेलं 'शब्द' सायक्लोस्टाइल केलेलंच होतं. बरेचसे फॅनझीनही असेच निघत. टंकयंत्राची रिबन काढून मेणकागदावर अक्षरं ठोकायची, तो कागद यंत्राच्या रुळावर ताणायचा आणि हँडल फिरवायचं. सहामाहीचे प्रश्न ज्यांनी अशा कागदावर वाचले आहेत, त्यांना त्या शाईचा वास वेगळा सांगायला नको.

एका मेणकागदातून काहीशे प्रतींच्या पुढे नीट छपाई होत नाही. चाहत्यांना तेवढ्याही लागत नसत. म्हणून जुन्या फॅनझीनच्या प्रती मुळातच कमी, आणि दुकानात तर त्या कधी आल्याच नाहीत. त्यातच काही अंकांना इतिहासानं नंतर वजन दिलं. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी जानेवारी १९३३ मध्ये आपल्या सायक्लोस्टाइल अंकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरलं, आणि तेही एका खलनायकासाठी. रे ब्रॅडबरी यांनी १९३९ मध्ये 'फ्युच्युरिया फँटेशिया' सुरू केला, त्याचे चारच अंक निघाले. लिलावातले बहुतेक गठ्ठे इतके मोलाचे नसतात. निधी भरतो तो साध्या अंकांवर, आणि ते साधे अंक वाचायची हौस असलेल्या माणसांवर.

निधीचे नियम

लिलावात बोली लावणाऱ्याला पैसे कुठे जाणार हे नेमकं ठाऊक असावं लागतं, म्हणून टॅफचे नियम आधी सांगतो. एकदा युरोपातला चाहता उत्तर अमेरिकेला जातो, पुढच्या खेपेला तिकडचा युरोपात येतो. उमेदवाराला अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे मिळून पाच अनुमोदक लागतात. आपण का जावं हे त्याला १०१ शब्दांत सांगावं लागतं, आणि निवडून आलो तर जाऊच याची हमी म्हणून थोडी रक्कम ठेवावी लागते. मतदार मतासोबत देणगी देतो. देणगी कितीही मोठी असली तरी मत एकच. दोन्ही किनाऱ्यांवर पहिल्या पसंतीची किमान २० टक्के मतं मिळाल्याशिवाय कुणी निवडून येत नाही, त्यामुळे ज्या घरी पाहुणा जायचा त्या घराची संमती आपोआप घेतली जाते. यातला कुणीच नको, पैसे पुढच्या वेळेसाठी राखा, असंही मत देता येतं.

आणि शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो जाऊन येतो, तोच आपल्या बाजूचा पुढचा कारभारी होतो. हिशेब ठेवायचा, निवडणूक घ्यायची, लिलाव करायचे, प्रवासवृत्तान्त लिहून तो निधीसाठी विकायचा, हे सगळं त्याच्याकडे येतं.

गठ्ठा बांधण्यापर्यंत

अंक येतात ते चाहत्यांच्या कपाटांतून. कुणी घर बदलतो, कुणी वारतो आणि घरच्यांपुढे खोक्यांची रास उरते. मिळालेला अंक लगेच विकायला काढायचा नसतो. एखाद्या अंकाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची मालिका सलग सापडली, तर ती फोडण्याआधी ग्रंथालयाला विचारायचं. आयोवा विद्यापीठात रस्टी हेवलिन या चाहत्याचा मोठा संग्रह असाच एकत्र राहिला आहे. दुसरी, तिसरी प्रत असेल ती निःशंक लिलावाला.

मग पानं मोजायची. गंजलेल्या पिना कागद खातात, त्या हलक्या हातानं काढून दोऱ्यानं शिवायचं. कसर, वाळवी, ओल यांची खूण दिसली तर तो अंक बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा. जांभळ्या शाईत स्पिरिटच्या यंत्रावर काढलेले अंक उन्हात किंवा दिव्याखाली ठेवले तर अक्षरं उडत जातात, ते बंद पाकिटातच बरे.

त्यानंतर गठ्ठे. फार नावाजलेला अंक एकटा ठेवतात. बाकीचे वर्षाप्रमाणे, संपादकाप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे पाच-सात एकत्र बांधतात. एकेक साधा अंक पुकारत बसलं तर संध्याकाळ सरते आणि बोली लावणारे कंटाळतात.

प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक आणि चार ओळींचं वर्णन: नाव, वर्ष, पानं, छपाईचा प्रकार, आणि दोष. दोष आधी लिहायचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. वर एक माल आणि तळाला दुसरा घालणाऱ्याचं नाव पेठेत फार दिवस टिकत नाही. कागदाचंही तसंच. मुखपृष्ठ फाटलं आहे, मधलं पान नाही, हे स्पष्ट लिहिलं की घेणारा निर्धास्तपणे हात वर करतो.

पुकारा

आपल्या भागात दोन तऱ्हांचे लिलाव सगळ्यांनी पाहिलेले असतात. एक बाजार समितीतला, हळदीचा, बेदाण्याचा. तिथे प्रत्येक जण जाणकार असतो, आणि मालाच्या दर्जापलीकडे एक रुपयाही जास्त जात नाही. दुसरा गावच्या जत्रेतला, देवीला आलेल्या साड्यांचा किंवा मानाच्या नारळाचा. साध्या नारळावर हजारांची बोली चढते आणि कुणी फसल्याचं म्हणत नाही, कारण पैसे देवळाला जाणार हे घेणाऱ्याला माहीत असतं.

फॅनझीनच्या लिलावात हे दोन्ही एकत्र येतात. पारख हळदीची, मन नारळाचं. हे ज्या पुकारणाऱ्याला उमगलं, त्याचा लिलाव चांगला होतो.

म्हणून पुकारणारा वाचक असावा लागतो. गठ्ठा वर धरून त्यातल्या एका लेखाची गोष्ट तो मिनिटभरात सांगतो: संपादक कोण होता, कुणाशी कशावरून भांडला, या पत्रव्यवहारात पुढचा कोणता मोठा लेखक पोरवयात डोकावतो. त्याच्या शेजारी एक जण वहीत गठ्ठ्याचा क्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम लिहितो. तिसरा अंक हातात घेऊन रांगांमधून फिरतो, म्हणजे मागच्यालाही पाहता येतं.

सुरुवातीची बोली जाणूनबुजून कमी ठेवतात. पहिला हात वर होणं सर्वांत अवघड असतं, तो एकदा झाला की दुसरा होतो. बोली किती रुपयांनी चढेल हे आधीच जाहीर करतात. सर्वांत मोलाचा गठ्ठा आरंभीही नसतो आणि अगदी शेवटीही नसतो. लोक स्थिरावलेले असतात आणि खिसे अजून रिते झालेले नसतात, अशा मधल्या वेळी तो काढतात. एक वार, दोन वार, तीन वार. मग नाव पुकारून पावती. न विकलेला गठ्ठा परत बांधून पुढच्या वेळेसाठी ठेवायचा. रद्दीच्या भावात तो कुणाच्या गळ्यात मारायचा नाही.

लिलाव संपला की त्याच दिवशी एकूण रक्कम मोठ्यानं वाचून दाखवतात. खर्च किती आणि निधीत किती, हेही.

आपल्या कपाटात काय आहे

आपल्याकडे विज्ञानकथा वाढली ती मासिकांत आणि दिवाळी अंकांत. त्या वाटेवर सातारा-सांगलीची मोठी पावलं आहेत. 'केरळ कोकिळ' कोचीनहून चालवणारे कृष्णाजी नारायण आठल्ये हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे आगरकरांच्याच गावचे. १९०० च्या सुमारास त्यांच्या मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठी वाचकांपर्यंत पोचली. किर्लोस्करवाडीच्या माळावर १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचं वार्तापत्र म्हणून. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि 'स्त्री', 'मनोहर' ही भावंडं त्याच घरातून आली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं आलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली ठरली. नाव उलगडलं तेव्हा लेखक जयंत विष्णु नारळीकर निघाले. अनंत अंतरकरांचं 'नवल', परिषदेची पत्रिका, विज्ञानकथांचे दिवाळी अंक, शाळा-कॉलेजांची हस्तलिखितं, हे सगळं अजून इथल्या माळ्यांवर आहे.

तिथे ते सुरक्षित आहे असं मात्र नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरांत शिरलं तसं नगर वाचनालयातही शिरलं. ज्या अंकाची एकच प्रत एकाच घरी आहे, त्याला एक पूर पुरतो. लिलाव त्या प्रती वेगवेगळ्या घरी पांगवतो, आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस सहसा जपतो.

इथे करायचं तर

समजा, जत किंवा दहिवडीच्या एखाद्या विज्ञानकथा लिहिणाऱ्या मुलीला मराठी विज्ञान परिषदेच्या वार्षिक अधिवेशनाला पाठवायचं आहे. ४० गठ्ठे बांधले आणि सरासरी २५० रुपये आले, तर दहा हजार जमतात. राज्यातल्या राज्यात प्रवास, मुक्काम आणि काही पुस्तकं एवढ्यात बसतात.

पहिलं काम म्हणजे पैसा कुणा एकाच्या खिशात न ठेवता एखाद्या नोंदणीकृत वाचनालयाच्या खात्यात ठेवायचा, पावतीपुस्तकासह. दुसरं, कुणाला पाठवायचं हे लिलावाच्या आधी ठरवायचं आणि तिचे १०१ शब्द सगळ्यांसमोर वाचायचे. तिसरं, दुर्मीळ अंक विकण्याआधी वाचनालयाला पहिला हक्क द्यायचा. अंक विकला म्हणून त्यातल्या मजकुराचा हक्क विकला जात नाही, तो लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, एवढंही घेणाऱ्याला सांगून ठेवावं.

चौथी गोष्ट खाशाबांनी न सांगता शिकवली आहे. जो लोकांच्या पैशानं जातो, त्याच्यावर परत येऊन काही करण्याचं देणं असतं. त्यांनी मैदान करून ते फेडलं. वॉल्ट विलिसनं परतल्यावर आपल्या प्रवासाची हकिगत लिहिली, 'द हार्प स्टेटसाइड' नावानं, आणि आज ती हकिगतच संग्राहक शोधत फिरतात. आपल्या मुलीनंही दोन-चार फर्म्यांचा वृत्तान्त लिहावा. पन्नास प्रती काढाव्यात, त्यावर क्रमांक घालावेत आणि सही करावी. पुढच्या वर्षी माळ्यावरची खोकी पुन्हा उघडतील, वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या लागतील, पुकारायला तीच उभी राहील, आणि पहिल्या क्रमांकाचा गठ्ठा असेल तिच्या वृत्तान्ताचा.