बोधचिन्ह मोठे होताना



दुकान लहान असो की कारखाना मोठा, प्रत्येक व्यवसायाला स्वतःची अशी एक खूण लागते. तिला कोणी बोधचिन्ह म्हणतात, कोणी लोगो म्हणतात. नाव काहीही द्या, काम एकच. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने अक्षरे वाचण्याआधीच ओळखावे, की हा माल अमक्याचा. ही खूण प्रथम बहुधा भेटकार्डावर किंवा बिलबुकावर अवतरते आणि तेथे ती छान दिसते. पुढे धंदा वाढतो, दुसरी शाखा निघते, पाडव्याच्या मुहूर्तावर दहा फुटी पाटी लावायचे ठरते. पाटी वर चढते आणि मालक खालून पाहतो तो काय! कडा करवतीसारख्या दातेरी, जे गोल होते ते ओबडधोबड, जो रंग तांबडा होता तो विटकरी. मग छापणाऱ्याशी वाद होतो, पैसे अडकतात, आणि मुहूर्त तर टळून गेलेला असतो.

अशा वेळी दोष बहुधा छापखान्याला दिला जातो. परंतु पुष्कळदा तो तेथे पाठवलेल्या चित्रातच दडलेला असतो. लहान आकारात तो दिसत नाही एवढेच. मोठे केल्याने चित्रात नवीन काही भर पडत नाही. जे उणे असते ते उघडे पडते. म्हणून मोठ्या छपाईची खरी तयारी छपाईच्या आधी, रेखाटनातच करावी लागते. ती कशी करायची, हे आज आपण पाहू.

प्रथम थोडा हिशेब करू. संगणकावरील छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. हातात धरून पाहायच्या चांगल्या छपाईला दर इंचास सुमारे ३०० ठिपके लागतात. भेटकार्डावरचे एक इंची चिन्ह म्हणजे आडवे ३०० आणि उभे ३००, एकूण ९०,००० ठिपके. तेवढ्यावर ते सुबक दिसते. आता हेच चित्र दहा फुटांवर ताणा. दहा फूट म्हणजे १२० इंच. ठिपके मात्र तेच ३००. म्हणजे दर इंचास अडीच ठिपके आले, आणि एकेक ठिपका झाला सुमारे दहा मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा! चांगल्या नजरेच्या माणसाला तीन मीटरांवरून सुमारे एक मिलिमीटरचा फरक कळू शकतो. मग दहा मिलिमीटरची पायरी त्याला दिसणार नाही तर काय होईल? संगणक मधल्या जागा अंदाजाने भरून देतो खरा, पण त्याने पायऱ्या जाऊन धूसरपणा येतो. मूळची रेघ काही परत येत नाही.

त्यातून ते चित्र मोबाइलवरून चार जणांकडून फिरत आलेले असले, तर विचारूच नका. जेपेग पद्धतीत फाइल लहान करण्यासाठी चित्रातील बारीक तपशील गाळला जातो. फोटोत तो फारसा जाणवत नाही. बोधचिन्हात मात्र स्वच्छ कडेभोवती राखाडी कण जमतात आणि मोठ्या पाटीवर ते मळ साचल्यासारखे दिसतात.

यावर उपाय काय? तो आपल्या जुन्या पेंटरांना ठाऊक होता. भिंतीवर मोठी जाहिरात रंगवताना पेंटर लहान चित्रावर चौकटी पाडी, भिंतीवर तितक्याच मोठ्या चौकटी सुतळीने आखी आणि एकेक चौकट पाहून रेघ नव्याने ओढी. म्हणजे तो चित्र ताणत नसे. चित्र काढण्याची रीत भिंतीवर नेत असे. संगणकावर हेच काम गणिताने होते. फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत गाडीच्या पत्र्याचे वळण नेमके सांगण्याची गरज होती. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये, आणि रेनो कंपनीतील पिअर बेझिए यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे, वक्ररेषा सांगण्याची एक सोपी युक्ती काढली. चार बिंदू घ्यायचे. दोन बिंदू रेषेची टोके, आणि दोन बिंदू तिला आपल्याकडे ओढणारे. एवढ्यावरून संपूर्ण वळण ठरते. १९८४ मध्ये अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आली आणि अशा वक्ररेषा छपाईच्या कामी रुळल्या. या प्रकारच्या रेखाटनाला व्हेक्टर म्हणतात. त्यात ठिपके नसतात, सूचना असतात: येथून निघा, इतके वळा, तेथे थांबा, आतला भाग अमुक रंगाने भरा. मग छाप एक इंचाचा घ्या की शंभर फुटांचा, कड तितकीच स्वच्छ राहते.

येथे एक सावधगिरी. जेपेग चित्र पीडीएफमध्ये किंवा कोरलड्रॉमध्ये नुसते ठेवून दिले, तर ते व्हेक्टर होत नाही. डबा बदलला म्हणून आतला माल बदलत नाही! परीक्षा सोपी आहे. फाइल उघडा आणि पडद्यावर पन्नासपट मोठी करा. कड रेखीव राहिली तर ठीक. पायऱ्या दिसल्या तर समजा, की अजून काम व्हायचे आहे. चित्राचे आपोआप रेखाटन करणारी साधनेही आहेत, पण ती मळ आणि रेघ यांत भेद करीत नाहीत. जेथे चार बिंदू पुरेत तेथे चाळीस टाकतात, आणि वर्तुळ कुठे किंचित चपटे, कुठे किंचित टोकदार होते. जुन्या खुणेची मूळ फाइल हरवली असेल, तर जाणकार माणसाकडून ती हाताने पुन्हा आखून घ्यावी. साध्या चिन्हाला हे काही तासांचे काम असते, आणि ते एकदाच करावे लागते.

मूळ कल्पना साधी असली की हे काम फार सोपे होते. भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह आठवा. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील शेखर कामत यांनी ते १९७१ मध्ये केले. निळे वर्तुळ, मधोमध लहानसे पांढरे वर्तुळ आणि त्यातून खाली उतरणारी एक पांढरी फट. हे चिन्ह दूरध्वनीवरूनही सांगता येईल! पासबुकात आणि इमारतीच्या माथ्यावर ते सारखेच ओळखू येते, याचे कारण हेच. आपल्या खुणेत सोनेरी छटा, पडछाया, चमक असे अलंकार असतील, तर त्यांच्यावाचून ती उभी राहते की नाही, हे एकदा केवळ काळ्या रंगात छापून पाहावे.

आता अक्षरांकडे वळू. मराठी नाव असलेल्या चिन्हात खरी गोम येथे आहे. पाठवलेल्या फाइलीतील फाँट छापखान्याच्या संगणकावर नसला, तर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पडते, जोडाक्षरे फुटतात. म्हणून अक्षरांचे रूपांतर आकृतींत करून फाइल द्यावी. डीटीपी करणारे याला ‘कर्व्ह्ज करणे’ म्हणतात. मात्र त्याआधी शुद्धलेखन तपासून घ्यावे, कारण नंतर ते अक्षर म्हणून टंकता येत नाही, नुसता आकार उरतो.

आणखी एक गोष्ट आपल्याला खिळ्यांच्या छपाईने शिकवली आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि तेथील देवनागरी अक्षरांच्या सौंदर्याची ख्याती झाली. खिळ्यांच्या त्या जमान्यात प्रत्येक मापाच्या अक्षरासाठी वेगळा ठसा कोरावा लागे. कुशल कारागीर लहान मापाचे अक्षर थोडे रुंद, थोडे जाड आणि पोटात मोकळे ठेवी, म्हणजे शाईने ते बुजत नसे. मोठ्या मापात तो रेघांचा नाजूकपणा खुलवी. संगणकाने एकच अक्षर हवे तेवढे करण्याची सोय दिली आणि हा विवेक आपण विसरलो. बोधचिन्हाची दोन रूपे करून ठेवावीत, असे मी म्हणतो ते यासाठी. लहान छपाईच्या रूपात अनुस्वार ठसठशीत हवा. रफार, मात्रा आणि शिरोरेषा यांत मोकळी जागा हवी. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर रेघा आणखी जाड हव्यात, कारण शाई कडेने आत पसरते. मोठ्या रूपात उलट, अक्षरांमधले अंतर पुन्हा पाहावे. कार्डावर न जाणवलेली फट दहा फुटांच्या पाटीवर पडक्या दातासारखी दिसते.

राहिला रंग. पडद्यावरचे रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने होतात. कागदावरचे रंग आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांनी होतात. प्रकाशाचा झगझगीत हिरवा किंवा नारिंगी या चार शायांना गाठता येत नाही. पडद्यावर रंग पसंत करून पाटीवर हिरमोड होतो तो त्यामुळे. यावर जुना मार्ग म्हणजे त्या रंगाची वेगळी शाई. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या शिळाछापखान्यात, जो पुढे मळवलीस गेला, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करीत. आज ऑफसेटमध्ये खास रंगासाठी वेगळी प्लेट करता येते. त्या रंगाला क्रमांक देण्याची पद्धत अमेरिकेतील पॅन्टोन कंपनीने १९६३ मध्ये आणली. ‘जरा गडद तांबडा’ म्हणण्यापेक्षा क्रमांक सांगितला, की पुण्यात आणि नागपुरात एकच रंग छापता येतो. तरीही गुळगुळीत आर्ट पेपर, साधा कागद आणि फ्लेक्स यांवर एकच क्रमांक थोडा निराळा दिसतो. तेव्हा क्रमांक आणि चार शायांचे प्रमाण, दोन्ही लिहून ठेवावे. बारीक अक्षरे मात्र शक्यतो एकाच शाईत छापावीत. चार शायांत ती केसभर जरी सरकली, तरी कडेला रंगीत झालर दिसते.

छापखान्यात जाण्यापूर्वी तयारी कशी असावी, ते थोडक्यात सांगतो. व्हेक्टर स्वरूपातील मूळ फाइल आणि तिचीच पीडीएफ, रंगीत, काळे आणि गडद पार्श्वभूमीवरचे पांढरे अशी तीन रूपे, रंगांचे क्रमांक. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर कागदावर चारी बाजूंना तीन मिलिमीटर जादा. फ्लेक्सवर किती सोडायचे ते चौकट करणाऱ्याला विचारावे, कारण तेथे कड दुमडली जाते. आणि सगळी पाटी छापण्याआधी तिचा एक फुटाचा तुकडा खऱ्या मापात, त्याच मालावर छापून घ्यावा, भिंतीला लावावा आणि रस्त्यापलीकडून भर उन्हात पाहावा. या तुकड्याला थोडाच खर्च येतो, आणि पुढची मोठी हानी टळते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पुष्कळ लहान व्यावसायिकांजवळ स्वतःच्याच खुणेची मूळ फाइल नसते. ती चित्रकाराच्या संगणकात राहते. माणूस गाव सोडतो, संगणक बिघडतो, आणि दुकानदाराला आपलीच खूण जुन्या पिशवीवरून उतरवून घ्यावी लागते! काम देतानाच मूळ फाइल मागावी आणि हक्कांचे लेखी करून घ्यावे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी हवे, असे सांगितले आहे. त्यात मुदत नमूद केली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून मुदतही लिहावी, आणि चित्रकाराचा मोबदला द्यायला मागेपुढे पाहू नये. दुकानाच्या करारपत्राची प्रत आपण जशी कपाटात जपतो, तशीच या फाइलीचीही एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. उद्या चौथी शाखा निघाली, तर पाटी करणाऱ्याच्या हाती काय द्यायचे, असा प्रश्न मग पडणार नाही.