समेवर येईपर्यंत

तबल्याच्या वर्गात आज तबल्याला हात लावायचा नाही, असं सरांनी आधीच बजावलंय. मुलं मांडी घालून बसली आहेत. हाताने तीनताल धरायचा: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. तोंडाने मात्र दादऱ्याचा ठेका म्हणायचा, मात्रेला एक बोल: धा धी ना, धा ती ना. हात १६ मात्रांत फिरतो, तोंड ६ मात्रांत. दोन्ही पुन्हा एकदम समेवर कधी येतील?

दुसरा दादरा सातव्या मात्रेवर सुरू होतो, तिसरा तेराव्या. तिथे टाळी पडते आणि मुलं हमखास घसरतात, कारण धा आणि टाळी एकत्र आली की सम आल्यासारखं वाटतं. चौथा पुढच्या आवर्तनात तिसऱ्या मात्रेवर, पाचवा नेमका खालीवर. मग पंधरा, पाच, अकरा. आठ दादरे संपले की तीनतालाची तीन आवर्तनंही पुरी होतात. ४८ मात्रा. हाच १६ आणि ६ यांचा लसावि.

सर फळ्यावर सगळ्या सुरुवाती लिहितात: १, ७, १३, ३, ९, १५, ५, ११. एकही सम संख्या नाही! १६ आणि ६ या दोघांनाही दोनने भाग जातो, मसावि २ आहे. त्यामुळे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या मात्रेवर दादरा कितीही वेळा म्हटला तरी सुरू होणार नाही. गुणाकार ९६, त्याला मसाविने भागलं की ४८. वहीतलं हे सूत्र इथे हाताला कळतं.

यानंतर पाच मात्रांचा तुकडा: त क त कि ट. १६ आणि ५ यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून सम थेट ८० मात्रांनी भेटते. पण मधल्या पाच आवर्तनांत प्रत्येक मात्रेवर तुकड्याची सुरुवात एकदा आणि एकदाच होते, एकही मात्रा सुटत नाही. मसावि १ आला की मुलं ते उत्तर रिकामं समजून पुढच्या गणिताकडे वळतात. मला तेच सगळ्यांत भरघोस वाटतं.

तुमच्या घरात लसावि-मसाविला कंटाळलेलं मूल असेल, तर झपतालाच्या दहा मात्रा हातावर धरायला सांगा आणि तोंडाने चार मात्रांचा एखादा बोल म्हणू द्या. सम किती मात्रांनी येईल ते आधी वहीत मांडायचं, मग टाळी धरायची.