शंभराचे वीस हजार

● फिलिप हार्ट (१९१२–१९७६) : मिशिगनचे डेमोक्रॅट सिनेटर, १९५९पासून अखेरपर्यंत. १९४४च्या नॉर्मंडी स्वारीत जखमी. ओळख ‘सिनेटचा विवेक’ अशी.

● मतदान हक्क कायदा, १९६५ : कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी अडवणाऱ्या साक्षरता चाचण्यांना चाप लावणारं हे विधेयक सिनेटमध्ये तडीस नेण्यात हार्ट आघाडीवर.

● हार्ट-सेलर कायदा, १९६५ : जन्मदेशावरून ठरणारा स्थलांतरितांचा कोटा रद्द. अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला सही केली, तीही स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी.

● आपला संबंध : १९४६पासून भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जागा. नव्या कायद्याने भारतासाठीची कमाल मर्यादा २०,०००वर नेली. मराठी डॉक्टर-इंजिनीअरांची अमेरिकेची वाट रुंदावली ती इथून.