पासवर्ड आहे, पण वाट कोण दाखवणार? कॉलेज ग्रंथालयांची ‘ऑनलाइन मार्गदर्शिका’ समजून घ्या

जळगाव / धुळे : अहिराणीवर प्रकल्प करायचा आहे, असे समजा. इंटरनेटवर शोधले की गाणी आणि व्हिडिओ भरपूर सापडतात. अभ्यासाला आधार मात्र चटकन मिळत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात या बोलीची माहिती आहे. पण मराठीला वाहिलेला सातवा खंड (१९०५) उघडणारा विद्यार्थी वाट चुकतो. ती माहिती आहे नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७), भिल्ली भाषांसोबत, ‘खानदेशी’ या नावाखाली.

ही एक ओळ आधी कोणी सांगितली, तर विद्यार्थ्याची बरीच शोधाशोध वाचते. अशा ओळी ग्रंथपालाने एका वेबपानावर मांडल्या की ती झाली ऑनलाइन मार्गदर्शिका.

ही कल्पना आली कुठून?

१९७०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या ग्रंथालयात एकेका विषयाची छापील ‘वाटदर्शक’ पत्रके तयार होऊ लागली. २००७मध्ये स्प्रिंगशेअर या कंपनीने ‘लिबगाइड्स’ हे सॉफ्टवेअर आणले आणि तेच काम वेबवर सोपे झाले.

खान्देशात गरज का?

साहित्य नाही, अशी स्थिती नाही. पात्र महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’मधून ई-जर्नल्स आणि ई-पुस्तके मिळतात. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर कोणालाही खुले आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. १ जानेवारी २०२५पासून सरकारी संस्थांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ही सुरू झाले.

पण प्रत्येकाचे दार वेगळे, लॉगिन वेगळे. त्यातून आपल्या विषयाचे नेमके काय घ्यायचे, हे ही संकेतस्थळे सांगत नाहीत. शिवाय धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील कागदपत्रे किंवा समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते यांच्यापर्यंत कसे पोहोचायचे, हे स्थानिक ग्रंथपालच नीट सांगू शकतो.

पानावर काय हवे?

• विषयाची दोन-तीन ओळींत ओळख
• शोधताना वापरायचे शब्द, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, जुन्या स्पेलिंगसह
• निवडक पाच-सात साधने. प्रत्येकापुढे ‘यात काय मिळेल’ याची एक ओळ
• लॉगिन कसे मिळवायचे, त्याच्या पायऱ्या
• ग्रंथालयातील पुस्तकांचे वर्गांक
• संदर्भ कसे द्यायचे, याचा एक नमुना
• पान शेवटचे कधी तपासले, ती तारीख

पन्नास लिंक एकाखाली एक टाकल्या, तर ती मार्गदर्शिका होत नाही. निवड करणे हेच खरे काम.

बनवायची कशी?

लिबगाइड्सला पैसे मोजावे लागतात. सुरुवातीला गुगल साइट्स पुरते. ते मोफत आहे आणि मोबाइलवरही नीट दिसते. पान मात्र ग्रंथालयाच्या खात्यावरून बनवावे. वैयक्तिक खात्यावर बनवले, तर ग्रंथपालाची बदली झाली की पानही अनाथ होते. प्रसिद्ध करण्याआधी एका विद्यार्थ्याला ते वापरायला द्या. तो जिथे अडेल, तिथली ओळ बदला. बंद पडलेल्या लिंक दर सत्राच्या सुरुवातीला काढा.

शेअर करण्याचा फायदा काय?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. विद्यापीठाचा अभ्यासक्रम सारखा, म्हणून गरजाही बऱ्याचशा सारख्या. प्रत्येक ग्रंथपालाने तेच पान नव्याने का लिहावे? एकाने केळीवर, दुसऱ्याने कापसावर, तिसऱ्याने अहिराणीवर लिहावे. पानाखाली क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना टाकला, की श्रेय देऊन इतरांना ते घेता येते. वर्गांक आणि लॉगिनच्या पायऱ्या तेवढ्या आपल्या घालायच्या.

काय शेअर करू नये?

एन-लिस्टचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे नियमात बसत नाही. कॉपीराइट असलेल्या पुस्तकाची पीडीएफही पानावर चढवू नका. अधिकृत लिंक द्या.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

कॉलेज एन-लिस्टचे सदस्य आहे का, हे ग्रंथालयात विचारा. असेल, तर आपले खाते मागून घ्या. साक्री किंवा चोपड्याच्या गावातून एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात बसायला फार वेळ मिळत नाही. त्याच्यासाठी संध्याकाळी घरी मोबाइलवर उघडणारे हे एक पानच ग्रंथपालाचे काम करते.