यमकें आणि बदलते स्वर



भिवंडीस मी मराठी शिकवीत असतां, खाडीकांठच्या आगरी वस्तींतील एका मुलानें कविता रचून आणली. तींत 'बाळ' आणि 'लाल' यांचें यमक साधलें होतें. मीं तांबड्या शाईनें शेरा मारला, 'यमक चुकलें.' त्यानें पुन्हां मला कविता दाखविली नाहीं. चूक कोणाची होती, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

आगरी बोलींत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. डोळ्यांस 'डोले' व पाण्यास 'पानी' म्हणतात. तेव्हां त्या मुलाच्या कानास 'बाल' व 'लाल' हें यमक निर्दोषच होतें.

स्वरांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. 'केलें' हें जुनें नपुंसकलिंगी रूप. गोमंतकांत कोंकणी बोलणारा आजही 'केलें' म्हणतो, मालवणींत 'केलां' होतें, आणि आपण बोलतांना 'केलं' म्हणतों. आतां 'जागें' आणि 'मागें' हे शब्द घ्या. जुन्या उच्चारांत हें यमक पक्कें. शहरांतील सुशिक्षित मनुष्य मात्र मूल 'जागं' झालं म्हणतो, आणि 'मागे' वळून पाहतो, यमक तुटलें. सातारा-कोल्हापुराकडील शेतकरी 'जागं' आणि 'मागं' म्हणतो. त्याच्या तोंडीं यमक शाबूत! उलट, १९६२च्या लेखननियमांनीं उच्चार नसलेले अनुस्वार गेले, आणि एकवचनी 'मोठें' घर व अनेकवचनी 'मोठे' वाडे यांतील भेद छापांतून नाहींसा झाला. बोलण्यांत मात्र 'मोठं' आणि 'मोठे' निराळेच राहिले.

चीन देशांत हाच प्रश्न फार पूर्वीं उठला. उत्तरेचे व दक्षिणेचे उच्चार जुळेनात, म्हणून इ. स. ६०१ मध्यें लू फायान यानें 'छिएयुन' हा यमककोश सिद्ध करून १९३ यमकवर्ग लाविले. पुढें उच्चार एकमेकांत मिसळत गेले, आणि कवींच्या उपयोगाचे वर्ग १०६ वर आले. प्राचीन गीतांचीं यमकें जुळेनात, तेव्हां कित्येक पंडित वाचतांना उच्चार वांकवून तीं जुळवीत. छन दी (१५४१–१६१७) यानें दाखवून दिलें कीं, प्राचीन कवी चुकले नव्हते. काळ आणि देश पालटला कीं ध्वनि पालटतो.

मुलांस प्रमाण लेखन शिकविलेंच पाहिजे. परंतु तांबडी शाई उचलण्यापूर्वीं, "बाळा, हा शब्द तुझ्या घरीं कसा म्हणतात?" एवढें विचारावें. मीं तें विचारलें नव्हतें.